सवतीचं नाणं

१

तिप्पण्णाच्या स्टुडिओत उजेड उत्तरेकडून येई. बाळीवेशीतल्या आपल्या माडीचं अर्धं छप्पर त्याने काचेचं करून घेतलं होतं, आणि त्या काचेखालचे पांढरे पडदे दोरीने मागेपुढे सरकवत तो गेली पंधरा वर्षं सोलापूरच्या माणसांचे चेहरे टिपत होता. खाली घर, वर धंदा. शेजारच्या भिंतीपलीकडे विणकरांचे दोन माग दिवसभर खटखटत. गिऱ्हाइकांना त्याचा त्रास व्हायचा, तिप्पण्णाला तो आवाज ऐकूही येत नसे.

त्या फाल्गुनात त्याच्याकडे एक वेगळंच काम आलं. गुरुसिद्धप्पा हेडमास्तर पेन्शनीत निघाले होते आणि तीस वर्षं जमवलेल्या जुन्या नाण्यांवर पुस्तक लिहीत होते. पुस्तकाला फोटो हवे होते. मास्तर नाणी कुणाच्या हाती ठेवून जात नसत. नमुन्याला सहा नाणी घेऊन आले, समोर बसून फोटो काढून घेतले आणि चार दिवसांनी, बुधवारी, छाप बघायला आले.

"तिप्पण्णा, हे काय रे? नाणं हाय का ताटात सांडलेलं तूप?"

"नाणीच झिजलेली हायत मास्तर."

"नाचता येईना अंगण वाकडं! झिजलेलं नाणं डोळ्याला दिसतंय की. तुझ्या कॅमेऱ्याला का दिसत न्हाय? माणसाचं सोड, माणूस तोंडानं बोलतंय. नाणं उजेडानं बोलतंय, त्याला नीट उजेड दे." मास्तरांनी छाप टेबलावर टाकले. "येत्या सोमवारी सगळी पेटी घेऊन येतो. जमलं तर तू, न्हायतर पुण्याला जातो."

तिप्पण्णाचे कान लाल झाले. सोलापुरात त्याच्या तोडीचा फोटोवाला नव्हता, असं निदान तो तरी समजत होता.

कायदा त्याला माहीत होता. उजेड एका बाजूने, तिरपा आणि डावीकडून द्यायचा. मग उठावाची डावी कड उजळते, उजवीकडे सावली पडते आणि अक्षर वर आलेलं दिसतं. सावली उलटी पडली, तर तेच अक्षर आत दबल्यासारखं, खोल दिसतं. कायदा माहीत होता, हात बसलेला नव्हता. हात बसवायला झिजलेलं चांदीचं नाणं हवं होतं, आणि घरात तसं एकच होतं. ते त्याच्या बायकोच्या गळ्यात होतं.

२

दानम्मा त्याची दुसरी बायको. बार्शीकडची, वीस वर्षांची, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके गोंदलेली आणि हसायला कारण न लागणारी. तिला सातवा महिना होता. तिप्पण्णाच्या घरात पाळणा म्हणून कधी हलला नव्हता. त्यामुळे गल्लीतल्या म्हाताऱ्या तिला विहिरीवर वाकू देत नसत, आणि तिप्पण्णा स्वतः घागर भरून आणायचा, मग लोक काय हसायचे ते हसोत.

पहिली महानंदा. अकरा वर्षं संसार केला आणि चार वर्षांमागे तीन दिवसांच्या तापात गेली. अक्कलकोटची होती, घरात कन्नड बोलायची. फोटो काढताना तिप्पण्णा काळ्या कापडात डोकं घालून भिंगावरचं टोपण काढी, आणि जिन्यात बसून ती मोठ्याने सेकंद मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. आठ झाले की तो टोपण लावी. तिची एक भुवई लहानपणच्या खोकेने मधोमध तुटलेली होती. "माझा पण एक काढा की," ती म्हणायची. "उद्या काढू," तो म्हणायचा, "उजेड चांगला असला की." अकरा वर्षांत तो उद्या उगवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसरं लग्न ठरलं तेव्हा हे त्याला बोचलं. दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायची रीत आहे. चांदीच्या पत्र्यावर बाईचा मुखवटा ठोकायचा, तो काळ्या दोऱ्यात ओवायचा. बायका त्याला सवतच म्हणतात. सणाला आधी तिला हळदकुंकू, नवं लुगडं आधी तिच्यापुढे ठेवायचं, मग आपण नेसायचं. गळ्यातून तिला काढायची नाही.

निंगप्पा सोनाराने तेव्हा विचारलं होतं, "तोंडावळा कसा करू? फोटो दे की तिचा."

"न्हाय."

"फोटोवाल्याच्या घरात बायकोचा फोटो न्हाय?"

तिप्पण्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो घरी आला, महानंदेच्या कुंकवाच्या करंड्यातलं एक जुनं चांदीचं नाणं उचललं आणि निंगप्पापुढे टाकलं. "ह्यालाच कडी लाव. तोंडाबिंडाचं काय घेऊन बसलास." नाणं इतकं झिजलेलं होतं की त्यावर ना राजा ना अक्षर. निंगप्पाने दोनदा त्याच्याकडे पाहिलं आणि गुपचूप कडी लावून दिली.

दानम्माला ते काही खटकलं नाही. ती नाण्याला आक्का म्हणायची. भाकरी थापताना आक्काला बाजारातले भाव सांगायची, नवऱ्याची तक्रारही तिच्याकडेच करायची.

त्या बुधवारी दुपारी मास्तर गेल्यावर तिप्पण्णाने नाणं मागितलं, तेव्हा मात्र तिने दोन्ही हात गळ्यावर धरले.

"आक्काला काढायची न्हाय म्हंत्यात."

"तासभराचं काम हाय. उजेड चांगला हाय तवर."

"मग मी गळ्यात काय घालू?"

शेवटी तिनेच तोड काढली. हळकुंड दोऱ्यात बांधलं, ते आधी गळ्यात अडकवलं आणि मगच नाणं उतरवलं. "आक्का, जाऊन या," ती नाण्याला म्हणाली आणि खळखळून हसली.

३

तिप्पण्णाने काचेचं एक तावदान उभं केलं, मागे पांढरा कागद लावला आणि नाणं मेणाने काचेला चिकटवलं. त्यामुळे नाण्याची सावली मागे पडणार नव्हती. डावीकडचा पडदा उघडा, बाकी सगळे बंद. कॅमेऱ्याचा भाता शेवटपर्यंत ओढला. काळं कापड डोक्यावर घेतलं. मागच्या घासलेल्या काचेवर चित्र नेहमी उलटं दिसतं, पाय वर डोकं खाली, त्याची त्याला सवय होती. नाणं चंद्राएवढं मोठं दिसत होतं आणि चकाकत होतं. त्याने आठ मोजले.

अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यातली काचेची प्लेट धुतली, वाळवली, गुरुवारी सकाळी उन्हात कागदावर छाप घेतला. मास्तर म्हणाले तेच. तूप.

गुरुवारी त्याने डोकं चालवलं. भिंगासमोरून उजेड अडवायला काळा पुठ्ठा लावला, डाव्या पडद्याला पातळ कागद डकवला. मॅग्नेशियमच्या तारेचा तुकडा पेटवून नाणं त्या पांढऱ्या धुरात धरलं. धुराची भुकटी नाण्यावर बसली आणि चकाकी मेली. ह्या छापाने त्याला इतका आनंद झाला की तो जिन्यातून ओरडला, "जमलं गं!"

नाण्याची कड सुरेख उठून आली होती. डावीकडे उजळ, उजवीकडे सावली. मधे, जिथे डोळ्याला नुसतं गुळगुळीत दिसायचं, तिथे काहीतरी आकार होता. तो त्याने भिंगातून पाहिला आणि त्याचा आनंद जरा कमी झाला.

मधल्या आकाराची सावली डावीकडे होती.

प्लेट उलटी घातली असेल, त्याला वाटलं. पण मग कडेची सावलीही उलटली असती. कड बरोबर होती. एकाच नाण्यावर, एकाच उजेडात, कडेची सावली एकीकडे आणि मधली दुसरीकडे. म्हणजे मधला आकार आत दबलेला असणार, खोल कोरलेला. त्याने नाणं हातात घेऊन अंगठा फिरवला. नाणं साफ गुळगुळीत होतं.

धुराची भुकटी कमीजास्त बसली असेल, दुसरं काय. त्याने नाणं पुसलं आणि दानम्माला परत द्यायला निघाला. पण अर्ध्या जिन्यात थांबला. उद्या पुन्हा काढायचंच होतं. कशाला चार वेळा काढघाल, असा विचार करून तो परत फिरला.

४

शुक्रवारी त्याने उजेड आणखी खाली आणला, नाण्याच्या पातळीला जवळजवळ घासून जाईल असा. कापडात डोकं घातलं. घासलेल्या काचेवर आकार दिसत होता. कपाळ. गाल. आत गेलेला, ओल्या मातीत तोंड दाबून उचलावं तसा चेहरा.

"उलट्या चित्रात उठाव खोल दिसतोच," तो स्वतःशी पुटपुटला. हे खरंही होतं. त्याने टोपण काढलं आणि मोजायला लागला. "एक, दोन..."

"...मूरु," जिन्यातून कुणीतरी म्हणालं.

तिप्पण्णा कापडाखाली तसाच राहिला. माग थांबलेले होते. ते कधी थांबले हे त्याला कळलं नव्हतं. आवाज चढा नव्हता, घाईचा नव्हता. रोजचं काम करणाऱ्या बाईचा होता. "नाल्कु. ऐदु. आरु. एळु. एंटु."

आठाला त्याच्या हाताने सवयीने टोपण लावलं.

जिन्यात कुणी नव्हतं. खाली चुलीपाशी दानम्मा भिंतीला टेकून पेंगत होती.

"तू मोजत होतीस काय?"

"काय मोजू?" तिने डोळे चोळले. "निजले होते मी. लई जड वाटतंय अंग आज."

"कन्नडमधी कोण तरी..."

"मला कुटं येतंय कन्नड?"

बाळीवेशीत कन्नड बोलणाऱ्या बायका काय थोड्या आहेत? गल्लीतून जाताना कुणी पैरणीच्या गुंड्या मोजत असेल, पापड मोजत असेल. तिप्पण्णाने स्वतःची समजूत घातली. पलीकडचे माग पुन्हा खटखटायला लागले. जेवताना भाजीत मीठच नव्हतं आणि दानम्मा ते न कळता जेवत होती. तिच्या गळ्यातलं हळकुंड काळं पडलेलं त्याने पाहिलं. घामाने पडलं असेल, तो मनात म्हणाला.

छाप त्याने शनिवारी घेतला. त्यात ओठ होते.

आता खरं बोलायचं तर तिप्पण्णाने तिथेच थांबायला हवं होतं. पण तो कारागीर होता, आणि प्रत्येक प्लेट आधीच्या प्लेटीहून चांगली येत होती. भीती होती, नाही असं नाही. त्या भीतीपेक्षा पुढच्या प्लेटीची ओढ मोठी होती. शनिवारच्या प्लेटीत नाक आलं. कानातल्या बुगड्याही आल्या.

५

रविवारी दुपारी त्या सकाळच्या प्लेटीचा छाप उन्हात धरून तो माडीच्या कठड्याशी उभा होता. कागद हळूहळू तपकिरी होत गेला, आणि नाण्याच्या मधे एक भुवई आली. मधोमध तुटलेली.

त्याने कागद छातीशी धरला आणि रडला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. भीतीने रडला म्हणावं तर तसं नव्हतं. अकरा वर्षांत न काढलेला फोटो त्याच्या हातात होता. चेहरा आत दबलेला होता, उलट्या सावल्यांचा होता, पण तिचा होता. डोळे अजून धूसर होते, तरी ती त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे. वाट बघणारं माणूस बघतं तशी.

मागून जिन्यावर पावलं वाजली. दानम्मा कठड्याला धरत, एकेक पायरी थांबत वर आली होती. तिचा चेहरा उतरला होता. हनुवटीवरचे ठिपके फिके वाटत होते, धुतल्यासारखे.

"आक्काला द्या की आता. पाच दिस झाले. गळा लई रिकामा वाटतोय."

त्याने कागद पाठीमागे लपवला. का लपवला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आणि..." तिने पोटावर हात ठेवला. आवाज खाली आणला. "पोर सकाळपास्नं हललं न्हाय. हलतंय रोज. आज गप हाय. मला भ्या वाटतंय ओ."

तिप्पण्णाने तिच्याकडे पाहिलं. मग काचेवर मेणाने चिकटवलेल्या नाण्याकडे पाहिलं. डोळे राहिले होते. एवढ्या प्लेटीत सगळं आलं होतं, डोळे तेवढे अजून धूसर होते. एकच प्लेट. तासाभराचा उजेड बाकी होता.

"उद्या देतो," तो म्हणाला.

तो शब्द त्याच्या तोंडून गेला आणि खोलीत काहीतरी हललं. पडद्याची दोरी असेल. दानम्माने मान हलवली. ती वळली आणि भिंतीला धरत खाली गेली. जाताना हसली नाही.

त्याने नाण्यातल्या डोळ्यांसाठी नवी प्लेट घातली. मोजण्याची वेळ आली तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही. जिन्यातून मोजणी होत होती, त्या मोजणीवर त्याने टोपण लावलं.

६

सोमवारी मास्तर पेटी घेऊन आले. तिप्पण्णाने पहिलं नाणं काचेला लावलं, उजेड खाली आणला आणि घासलेल्या काचेत मास्तरांना बघायला बोलावलं. मास्तर बराच वेळ कापडातून बाहेर आले नाहीत.

"अरे, तीस वर्षं हे नाणं वाचतोय मी," ते म्हणाले, "हा काना आज पहिल्यांदा दिसला." त्यांचे डोळे ओले झाले होते. मग टेबलावरच्या छापांकडे त्यांचं लक्ष गेलं. "आणि हे कुठलं? कोरं हाय की."

तिप्पण्णाने छाप हिसकावूनच घेतले. पाचही कोरे होते. कड होती, मधे गुळगुळीत चांदी. भुवई नाही, ओठ नाहीत. रात्री वाळत ठेवलेली डोळ्यांची प्लेट त्याने उजेडात धरली. तीही कोरी.

त्याला हायसं वाटलं. उन्हात सारखं भिंगातून बघून माणसाला काय काय दिसतं, पाच दिवस डोकं तापलं होतं, आता उतरलं. मास्तर दुपारपर्यंत काम करून घेऊन गेले. ते गेल्या गेल्या त्याने नाणं मेणातून सोडवलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि जिन्याकडे वळला.

दानम्मा वर येत होती. कठडा न धरता. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केस चापून बसवले होते, कपाळावर मोठं कुंकू होतं. त्याच्या हातातलं नाणं तिने घेतलं, हळकुंडाचा दोरा तोडून खिडकीतून टाकला आणि सवत गळ्यात बांधली.

"पोर हललं का गं?" त्याने विचारलं.

"हललं की. लाथा मारतंय." ती जाऊन खुर्चीवर बसली. "आज उजेड चांगला हाय. माझा फोटो काढा."

तिप्पण्णाचा जीव भांड्यात पडला. एकीच्या बाबतीत केलेली चूक दुसरीच्या बाबतीत करायची नाही, असं त्याने त्या क्षणी ठरवलं. पडदे लावले. डावीकडचा उघडा. कापडात डोकं घातलं. घासलेल्या काचेवर खुर्ची उलटी, लुगडं उलटं, आणि चेहरा खोल, आत गेलेला.

उलट्या चित्रात उठाव खोल दिसतोच.

त्याने कापड बाजूला केलं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. उघडा पडदा डावीकडे होता. खुर्चीची सावली उजवीकडे पडली होती. लुगड्याच्या निऱ्यांची सावली उजवीकडे. मांडीवरच्या हाताची सावली उजवीकडे.

उघड्या पडद्याकडचा गाल काळोखात होता. नाकाची सावली उजेडाकडे पडली होती.

माग थांबले.

"काढा की," ती म्हणाली. "की उद्या?"

त्याच्या हाताने टोपण काढलं. ती न हलता बसली होती, ओठही फारसे हलत नव्हते. "ओंदु," ती म्हणाली. "एरडु. मूरु."

पुढचं सगळं त्याने पद्धतशीर केलं. प्लेट धुतली. पंख्याने वारा घालून वाळवली. ऊन उतरायच्या आत छाप घेतला. कागदावर खुर्ची आली, लुगडं आलं, चेहराही आला असावा. चेहऱ्याच्या जागी त्याने अंगठा ठेवला, तो उचललाच नाही. भिंग गळ्यातल्या नाण्यावर धरलं.

नाणं इतकं स्वच्छ त्याला कधीच साधलं नव्हतं. डावीकडे उजळ, उजवीकडे सावली, कायद्याप्रमाणे. मधे उठून आलेला चेहरा होता. गाल, नाक, हाक मारताना उघडावं तसं उघडं तोंड. आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

खालून त्याला जेवायला हाक आली. कन्नडमध्ये, अकरा वर्षं येत होती तशी.

"आलो," तिप्पण्णा म्हणाला, आणि भिंग तसंच धरून राहिला.